कांद्याच्या भावावर भांडण न करता बोलावे कसे

राजकारण, अर्थकारण आणि सरकारी धोरणे या विषयांवर मराठी माणूस कमी बोलतो असे कोणीही म्हणणार नाही. दिवाळीच्या फराळाला, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या बाकावर हेच विषय निघतात. अडचण एवढीच आहे की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एखाद्या पक्षाचे किंवा नेत्याचे नाव येते, मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि "तुम्ही त्यांचे, आम्ही ह्यांचे" एवढीच वाटणी शिल्लक राहते. मग कोणीतरी विषय बदला म्हणतो, किंवा कोणीतरी असा विनोद करतो की ताटावरून उठायची वेळ येते.

हे टाळून धोरणावर नीट, हसतखेळत आणि पक्षाचा झेंडा खांद्यावर न घेता बोलता येते. त्यासाठी स्वभावापेक्षा तयारी जास्त लागते. ती कशी करावी हे पुढे क्रमाने सांगितले आहे आणि उदाहरण म्हणून सर्वत्र एकच विषय घेतला आहे, तो म्हणजे कांदा. कांदा निवडण्याचे कारण असे की तो पिकवणाराही मतदार आहे आणि खाणाराही मतदार आहे, त्यामुळे या विषयात कोणालाच प्रेक्षक म्हणून बसता येत नाही. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा झाला होता आणि १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेतल्या सत्तांतराच्या कारणांतही त्याची गणना होते. दुसरे असे की केंद्रात सरकार कोणाचेही असो, कांद्याच्या निर्यातीला हात लावण्याची वेळ त्याच्यावर येतेच, आणि निःपक्ष चर्चेला याहून सोयीचा विषय मिळणे कठीण आहे.

पहिली पायरी : विषय लहान करावा

"महागाई" हा चर्चेचा विषय नसून गाऱ्हाण्याचा विषय आहे. त्यावर प्रत्येकाला बोलता येते आणि कोणालाही चूक ठरवता येत नाही. त्याऐवजी "भाव वाढला म्हणून कांद्याची निर्यात अचानक थांबवावी का?" असा प्रश्न घ्यावा. याला हो किंवा नाही असे उत्तर देता येते, उत्तराला कारण द्यावे लागते आणि ते कारण तपासता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ समोरच्याच्या पक्षावरून आधीच सांगता येईल, तो प्रश्न सोडून द्यावा किंवा आणखी बारीक करावा.

दुसरी पायरी : यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घ्यावे

चर्चेत जो आवाज चढवतो, त्याला बहुधा यंत्रणेची माहिती नसते, आणि ज्याला माहिती नसते त्याचा विनोदही व्यक्तीच्या नाकाडोळ्यांपलीकडे जात नाही. म्हणून बसण्यापूर्वी अर्धा तास खर्च करून तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे माल येतो केव्हा आणि जातो कसा. महाराष्ट्रात कांद्याचे खरीप, लेट खरीप आणि रब्बी असे तीन हंगाम आहेत. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि तोच तेवढा टिकाऊ असल्यामुळे चाळीत, म्हणजे कांदा ठेवण्याच्या हवेशीर कोठारात, साठवला जातो. देशाच्या उत्पादनातला मोठा वाटा त्याचाच असतो आणि पावसाळ्यापासून पुढचे काही महिने देश त्याच्यावरच भागवतो. खरिपाचा लाल कांदा साठवता येत नाही, तो निघाला की विकावाच लागतो. आता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाळी रिकाम्या होत आल्या असताना पावसाने लाल कांदा झोडपला तर भाव चढतो, आणि भाव चढवण्यासाठी कोणी कट करावाच लागतो असे नाही. कट कधीच नसतो असेही नाही, परंतु तो असल्याचे सांगणाऱ्याने आधी हंगामाचे कॅलेंडर पाहिले आहे की नाही, एवढे विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय कोणाच्या हातात असतो. निर्यातबंदी, निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्य (म्हणजे ज्याहून कमी दराने माल परदेशी विकता येत नाही ती किंमत) हे सर्व केंद्राचे अधिकार आहेत. बाजार समित्या, म्हणजे लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील लिलाव ज्या कायद्याखाली चालतात तो १९६३ चा कायदा, हा राज्याचा विषय आहे. साठ्यावर मर्यादा घालता येते ती १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यामुळे. नाफेड या राष्ट्रीय कृषी सहकारी पणन महासंघामार्फत होणारी खरेदी केंद्राच्या पैशाने होते. एवढे चार धागे वेगळे केले की निम्मी भांडणे जागीच संपतात, कारण ती चुकीच्या दारावर धडका मारण्यातून झालेली असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे तारखा, आणि त्यांचा उपयोग पुढच्या पायरीत आहे. डिसेंबर २०१० मध्ये भाव भडकल्यावर निर्यात थांबवण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली आणि १ जानेवारी २०२१ पासून उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी आली. ती ३१ मार्च २०२४ ला संपणार होती, परंतु मार्चमध्येच "पुढील आदेशापर्यंत" वाढवण्यात आली आणि ४ मे २०२४ रोजी टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून उठवली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले.

तिसरी पायरी : खुर्ची बदलून पाहावे

पक्षपात ओळखण्याची माझ्या माहितीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक चाचणी हीच आहे. आपण एखाद्या निर्णयाचे समर्थन किंवा निषेध करतो, तेव्हा तोच निर्णय दुसऱ्या पक्षाच्या सरकारने घेतला असता तर आपण काय म्हटले असते, हे मनाशी विचारावे. कांद्याच्या बाबतीत कल्पना करण्याचीही गरज नाही. २०१० मध्ये केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते, पुढच्या बंद्यांच्या वेळी भाजपच्या नेतृत्वाखालचे होते, आणि अधिसूचनेचा मजकूर बाजूला ठेवून परिणाम पाहिला तर निफाडच्या शेतकऱ्याला दोन्ही सरकारे ओळखू येणार नाहीत इतकी ती सारखी वागली. विरोधी बाकावर शेतकरी दिसतो आणि सत्तेच्या बाकावर ग्राहक दिसतो. त्यामुळे दृष्टिदोष माणसात आहे की बाकात आहे, हा संशोधनाचा विषय आहे.

ही चाचणी इतरत्रही लावून पाहावी. महाराष्ट्रात २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा महिना १,५०० रुपये देणे योग्य की अयोग्य यावर घराघरात दोन तट पडले. परंतु पश्चिम बंगालमध्ये तृणमूलच्या सरकारने २०२१ मध्ये, मध्य प्रदेशात भाजपच्या सरकारने २०२३ मध्ये आणि कर्नाटकात काँग्रेसच्या सरकारने त्याच वर्षी अशाच योजना आणल्या होत्या. पुढे आपल्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २,१०० रुपयांचे आणि विरोधी आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले, तेव्हा योजना असावी की नसावी हा वाद संपून बोली कुठे थांबते एवढेच पाहायचे राहिले होते. जीएसटीचेही तसेच आहे. आज त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या बहुतेकांच्या पक्षांनी २०११ ते २०१७ या काळात आपापली जागा एकमेकांशी बदललेली आहे.

या चाचणीचा अर्थ "सगळे सारखेच" असा काढू नये. सगळे सारखेच म्हणणे हा आळस आहे आणि तो निःपक्षपणाचे कपडे घालून फिरतो. दोन सरकारांनी एकच हत्यार वापरले, तरी एकाने तीन आठवडे वापरले आणि दुसऱ्याने पाच महिने, तर हा फरक आहे आणि तो बोलून दाखवलाच पाहिजे. मापदंड सर्वांना एकच लावावा. निकाल सर्वांचा एकच यावा असा आग्रह धरू नये.

चौथी पायरी : विनोदाचा नेम धरावा

आता मुख्य भाग. धोरणावरचा विनोद तीन ठिकाणी चांगला बसतो: निर्णयातल्या विसंगतीवर, सरकारी भाषेवर आणि स्वतःवर. तो बसू नये अशी ठिकाणे सर्वांना माहीत असतात, तरी उल्लेख करतो: कोणाचे शरीर, जात, बोली, शिक्षण, बायको-मुले आणि मतदार. त्यांतही मतदारावरचा विनोद सर्वांत घातक असतो, कारण ज्यांनी अमक्याला मत दिले ते मूर्ख, असे म्हटले की समोर बसलेल्या माणसांपैकी निम्मी चर्चेतून उठून जातात, अंगाने जरी ती तिथेच बसलेली असली तरी.

तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या पाहिला असेल तर युक्ती लगेच लक्षात येईल. तो अधिकाऱ्याला मूर्ख म्हणत नाही. तो त्याचे म्हणणे शब्दशः खरे धरतो आणि एक पाऊल पुढे नेतो. "पुढील आदेशापर्यंत" या शब्दांवर रागावण्यापेक्षा, ज्याला निवृत्तीचे वय नाही अशी ही एकच सरकारी नोकरी दिसते, एवढे म्हणून थांबावे. ज्यावरून महागाई मोजतात त्या ग्राहक मूल्य निर्देशांकाच्या २०१२ आधार वर्षाच्या मालिकेत कांद्याचा भार ०.६४ टक्के होता, हा आकडा सांगून सरकारे पाडण्यातला त्याचा भार मात्र सांख्यिकी खात्याने अजून काढलेला नाही, अशी नोंद करावी. या दोन्ही वाक्यांत कोणाचाही पक्ष नाही, तरी ऐकणाऱ्याला हसल्यानंतर विचार करायला काहीतरी उरते. कांदा आणि डोळ्यांतले पाणी हा विनोद मात्र कायमचा बाद समजावा, कारण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी त्याचा पार चोथा करून टाकलेला आहे.

या प्रकारातला एक उत्तम नमुना मराठी नाही, परंतु कांद्याचाच आहे. सप्टेंबर २०१९ च्या निर्यातबंदीनंतर काही दिवसांतच बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना नवी दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांसमोर बोलताना त्यांनी मध्येच हिंदीत सांगितले की कांदा मिळेनासा झाल्यामुळे आपण स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितले आहे, आणि पुढच्या वेळी असे काही करायचे असेल तर आधी कळवत जा. सभागृह हसले. विनोद स्वतःच्या स्वयंपाकघरावर होता, यजमानांतल्या कोणाचेही नाव घेतलेले नव्हते, आणि तरी मागणी अगदी नेमकी होती: पूर्वसूचना द्या. चर्चेत विनोद करताना त्याच्या पोटात अशी एखादी मागणी आहे का, हे तपासावे. नसेल तर तो विनोद नुसताच टोमणा आहे.

घरातल्या चर्चेत हे कसे उतरते, त्यासाठी एक कल्पित पण अगदी रोजचा संवाद घेऊ. निफाड तालुक्यातले मामा आणि डोंबिवलीचे त्यांचे भाचेजावई ऑक्टोबरातल्या एका दिवशी जेवणानंतर बसले आहेत.

"मामा, आमच्याकडे साठ रुपये किलो झालाय कांदा. यंदा तुमची चैन आहे."

"चैन? जावईबापू, मी मे महिन्यात बाराशे रुपये क्विंटलनं दिला. म्हणजे तुमच्या साठातले बारा माझे. बाकीचे अठ्ठेचाळीस कुठल्या स्टेशनवर उतरले, ते तेवढं बघून सांगा."

"सगळा थोडाच विकलात? चाळीत असेल ना अजून. भाव चढायची वाट बघताय म्हणूनच तर निर्यात बंद करावी लागते."

"आहे की चाळीत. पण असं बघा, तुमच्या पगारवाढीची ऑर्डर निघाली आणि साहेबांनी सांगितलं, की शेजाऱ्यांना त्रास होतोय म्हणून पुढच्या आदेशापर्यंत स्थगित. मग?"

"मामा, आमच्याकडे त्याला अप्रेझल म्हणतात. दर वर्षी तसंच होतं."

या संवादात एकाही पक्षाचे नाव आलेले नाही, शेवटचा विनोद जावयाने स्वतःवर करून घेतलेला आहे आणि तरी तीन खरे मुद्दे टेबलावर आले आहेत: शेतातल्या आणि ताटातल्या भावातले अंतर, विक्रीची वेळ आणि अनिश्चितता. इथून पुढे चर्चा कुठेही नेता येते. त्यातही मामांचे अठ्ठेचाळीस रुपये जसेच्या तसे स्वीकारू नयेत. मेचा भाव आणि ऑक्टोबरचा भाव यांची वजाबाकी म्हणजे दलालाचा नफा नव्हे. मधल्या काळात चाळीतला कांदा सुकून वजनाला घटतो, काही सडतो, काहींना कोंब येतात. शिवाय प्रतवारी, गोणी, हमाली, गाडीभाडे आणि किरकोळ विक्रेत्याची नासाडी त्यात असते. हे सर्व धरूनही किती रुपये कोणाकडे गेले, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारल्यावर मामा आणि जावई दोघे एकाच बाजूला येतात.

पाचवी पायरी : आकड्यांशी सभ्यपणे वागावे

आर्थिक चर्चेतले बरेचसे गैरसमज लबाडीतून येत नाहीत. ते एककांच्या घोळातून येतात. बाजार समितीचा भाव क्विंटलला असतो आणि मंडईतला किलोला, त्यामुळे पहिल्याला शंभराने भागल्याशिवाय तुलना करू नये. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे होत नाही. गेल्या वर्षी कांदा वीसचा साठ झाला आणि यंदाही साठच राहिला, तर कांद्यापुरती यंदाची महागाई शून्य टक्के आहे. मंत्री खरे बोलत आहेत आणि गृहिणीही खरेच बोलत आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या वर्षांकडे पाहत आहेत. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायची असते, याचाही अर्थ भाव दर वर्षी थोडे वाढणार असे गृहीत धरलेले आहे असा होतो, आणि हे ऐकून पुष्कळांना पहिल्यांदा धक्का बसतो.

कोटींचे आकडे आले की ते माणशी करून पाहावेत. लाडकी बहीण योजनेचा वार्षिक खर्च सुरुवातीला ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला होता. २०११ च्या जनगणनेतल्या ११.२४ कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी वर्षाला सुमारे ४,१०० रुपये होतात, आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलेली असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. हा आकडा फार आहे की थोडा, हे प्रत्येकाने आपल्या बुद्धीने ठरवावे, पण आता निदान तो डोक्यात मावतो. सेहेचाळीस हजार कोटी कोणाच्याच डोक्यात मावत नाहीत, अर्थमंत्र्यांच्याही मावत असतील असे वाटत नाही.

तारखांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. बंदी उठली ४ मे २०२४ ला आणि नाशिक, दिंडोरीचे लोकसभा मतदान होते २० मे ला. या दोन तारखा शेजारी ठेवून गप्प बसणे हा परिणामकारक विनोद आहे, आणि म्हणूनच तो जपून करावा. तारखा शेजारी असल्या म्हणजे हेतू सिद्ध होत नाही, कारण उन्हाळ कांद्याची आवकही त्याच दिवसांत जोरात असते. संशय जरूर व्यक्त करावा, पण "हा माझा संशय आहे" असे म्हणून, आणि खुर्ची बदलूनही तो टिकतो का ते पाहून.

सहावी पायरी : बैठक चालवावी कशी

सहा-सात माणसांपेक्षा जास्त असू नयेत आणि जेवण आधी झालेले असावे. पहिल्या अर्ध्या तासात पक्षाचे आणि नेत्याचे नाव घ्यायचे नाही, "केंद्र", "राज्य", "खाते", "व्यापारी" एवढेच शब्द वापरायचे, आणि नाव घेतले तर चहाच्या डब्यात दहा रुपये टाकायचे, असा नियम करावा. तो पोरकट वाटतो, पण विलक्षण काम करतो, कारण नाव काढून घेतले की पुष्कळांच्या वाक्यात क्रियापदच उरत नाही आणि हे त्यांचे त्यांनाच कळते.

दुसरा नियम थोडा अवघड आहे. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा सांगावे. "काका, तुमचं म्हणणं असं आहे ना, की रोजंदारीवाल्याच्या घरी भाजीचा खर्च दुप्पट झाला तर सरकारनं हातावर हात ठेवून बसू नये?" वडीलधाऱ्यांशी मतभेद व्यक्त करण्याची याहून आदराची रीत नाही, शिवाय असे केल्यावर काकाही आपले म्हणणे पूर्ण ऐकून घेतात. वाद तापलाच तर "काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?" असे विचारावे. उत्तर "काहीही दिसलं तरी नाही" असे आले, तर तिथे चहा टाकावा. त्या विषयावर त्या दिवशी आणखी काही होणार नाही.

काही प्रसंगी विनोद पूर्ण बंद करावा. शेतकऱ्याची आत्महत्या, दंगल, लाठीमार, किंवा बैठकीतल्या कोणाची बुडालेली ठेव किंवा गेलेली नोकरी, हे विषय आले की हसवण्याची हौस बाजूला ठेवावी आणि ऐकावे.

निःपक्ष राहायचे म्हणजे मत ठेवायचेच नाही, असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून या प्रश्नावरचे माझे मत सांगून टाकतो. अचानक येणारी निर्यातबंदी हे मला वाईट धोरण वाटते. ग्राहकाला दिलासा मिळू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु बंदी केव्हा येईल हे माहीत नसल्यामुळे शेतकरी साठवणुकीत पैसा घालत नाही, परदेशी गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार शोधते आणि पुढच्या वर्षी तीच टंचाई पुन्हा उभी राहते. अमुक भावाला अमुक शुल्क, असे कोष्टक हंगामापूर्वी जाहीर करावे आणि ते सर्वांनी पाळावे, असे मला वाटते. याच्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा आहे की आधी जाहीर केलेल्या कोष्टकाचा फायदा सर्वांत आधी साठेबाज उठवतील, आणि या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. कोणाकडे असेल तर त्याने ते पुढच्या बैठकीत मांडावे.

उठण्यापूर्वी पाच मिनिटांत एका कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात: कशावर एकमत झाले, आणि कोणता आकडा कोणी शोधून आणायचा. पहिल्या दोन-तीन बैठकांना टोल, एसटीचे भाडे, सोसायटीचा मालमत्ता कर असे विषय घ्यावेत. कर्जमाफी त्यानंतर घ्यावी. २००८ ला केंद्राने, २०१७ आणि २०१९ ला महाराष्ट्रात वेगवेगळ्या सरकारांनी ती दिलेली असल्यामुळे खुर्ची बदलण्याची चाचणी तिथेही लावता येते. आरक्षणाचा विषय मंडळी एकमेकांच्या विनोदांना सरावल्याशिवाय काढू नये.